शालेय मुलांसाठी संगणकशास्त्राचे प्राथमिक वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी आम्ही संगणकशास्त्राचे प्राथमिक वर्ग घेतो. मुलाचे नाव घालण्यापूर्वी पालक जे विचारतात आणि वर्गात आल्यावर मुले जे विचारतात, त्यांतले नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे दोन ओळींत संपतात, तर काहींना जागा लागते, कारण त्या प्रश्नांमागे पालकांची खरी काळजी असते आणि तिला घाईने उत्तर देणे आम्हांला योग्य वाटत नाही.

शाळेत ‘कंप्युटर’ हा विषय आहेच. मग संगणकशास्त्र म्हणजे वेगळे काय?

शाळेत बहुधा संगणक वापरायला शिकवतात. पत्र टंकणे, गुणांचा तक्ता करणे, प्रकल्पासाठी चित्रे जोडून सादरीकरण तयार करणे या गोष्टी उपयोगाच्या आहेत आणि त्या मुलांना यायलाच हव्यात. संगणकशास्त्राचा प्रश्न मात्र निराळा आहे. ज्याला स्वतःची काहीच समज नाही अशा यंत्राकडूनही एखादे काम बिनचूक करून घ्यायचे असेल, तर ते काम किती नेमक्या पायऱ्यांत मांडावे लागेल, हा तो प्रश्न होय.

आमच्या पहिल्या तासाचे उदाहरण घ्या. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्या घेणाऱ्या माणसाला कोणत्या सूचना द्याल, त्या वहीत लिहा, असे आम्ही मुलांना सांगतो. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण लिहितात, ‘गाड्या आत घ्या आणि फेरी सोडा.’ किती गाड्या, असे विचारले की सूचना सुधारते: ‘जोपर्यंत जागा आहे तोपर्यंत गाडी आत घ्या, जागा भरली की फेरी सोडा.’ वर्ग समाधानाने वह्या मिटू लागतो तेव्हा आम्ही पुढचा प्रश्न टाकतो की रात्री उशिरा धक्क्यावर एकच स्कूटर उभी असेल तर काय होईल. थोडा वेळ कोणी बोलत नाही, आणि मग एखादे मूल म्हणते, ‘फेरी सुटणारच नाही.’ लिहिलेल्या सूचनेप्रमाणे ती खरोखरच सुटणार नाही, कारण जागा कधी भरणारच नाही. मग ‘जागा भरली किंवा वेळ झाली’ अशी दुसरी अट जोडली जाते. एवढ्यात मुलांना लूप, म्हणजे अट पाळली जाईपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणे, म्हणजे काय, त्याची अट म्हणजे काय आणि न संपणारे लूप कसे तयार होते, हे तिन्ही कळलेले असते. त्या खोलीतला एकही संगणक तोवर सुरू झालेला नसतो.

कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी?

सहावी ही आम्हांला योग्य वेळ वाटते. या वयात मूल चार-पाच पायऱ्यांचा विचार एका वेळी डोक्यात धरू शकते आणि चुकण्याची लाज अजून फारशी बळावलेली नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगची ओळख सहावी ते आठवीच्या टप्प्यात सुचवलेली आहे. तथापि नववीत किंवा अकरावीत येणाऱ्याला उशीर झाला असे मुळीच नाही. मोठी मुले पहिले दोन महिने झपाट्याने पार करतात. आम्ही सहावी ते आठवी आणि नववी ते बारावी असे दोन गट करतो.

आमच्या मुलाचे इंग्रजी कच्चे आहे. त्याला जमेल का?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो गोव्याच्या शाळाव्यवस्थेतूनच येतो. सरकारी प्राथमिक शाळेत मूल चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकते आणि पाचवीत बहुतांश ठिकाणी एकदम इंग्रजी माध्यमात जाते. त्या वर्षी अनेक हुशार मुले गप्प होतात. त्यांना उत्तर माहीत असते, पण ते कोणत्या शब्दांत सांगावे हे माहीत नसते, आणि काही काळाने आपल्याला उत्तरच येत नाही असे त्यांना स्वतःलाही वाटू लागते. हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे, की आमचे सर्व वर्ग मराठीतून घेण्याचा निर्णय आम्ही प्रथमपासून घेतला. ज्या मुलांच्या घरी कोकणी बोलतात, ती कोकणीतून उत्तर देतात आणि त्यात कोणालाही अडचण वाटत नाही.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत राखीव शब्द, म्हणजे ज्यांचा अर्थ भाषेनेच ठरवून टाकला आहे असे शब्द, केवळ ३५ आहेत. इफ, एल्स, व्हाइल, फॉर, रिटर्न असे हे शब्द महिन्याभराच्या सरावात हातात बसतात. खरी अडचण असते ती त्यांच्यामागच्या विचाराची, आणि त्या विचाराला मराठी उत्तम साथ देते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. ‘जर’ आले की ‘तर’ येणारच, ‘जोपर्यंत’ आले की ‘तोपर्यंत’ येणारच. अट कोठे संपली आणि काम कोठून सुरू झाले, हे या जोड्यांमुळे वाक्यातच उघड दिसते. कोकणीतला ‘जाल्यार’ हेच काम करतो. म्हणून मुले प्रत्येक प्रोग्रॅम आधी वहीत मराठी वाक्यांत लिहितात आणि नंतरच त्याचे पायथन करतात. ज्याला वहीत नीट मांडता आले, त्याची संगणकावरची निम्मी चूक तेथेच टळते.

देवनागरी आणि संगणक यांचे वैर नाही, हेही मुलांना लवकर दाखवावे असे आमचे मत आहे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला, म्हणजे माहिती साठवण्याच्या जागेला, ‘वय’ किंवा ‘नाव’ असे मराठी नाव देता येते. विचारलेले वय मुलाने ‘१३’ असे देवनागरी आकड्यांत टंकले, तरी त्या मजकुराची संख्या करणारे ‘इंट’ हे फंक्शन ते बरोबर तेरा असे वाचते. एक प्रयोग तर आम्ही प्रत्येक तुकडीत करतो. ‘लेन’ या फंक्शनला एखाद्या शब्दाची लांबी विचारता येते. त्याला ‘म्हापसा’ या शब्दाची लांबी विचारली की पडद्यावर ७ असे उत्तर येते. मुले बोटांवर म्हा-प-सा असे तीन मोजून पाहतात आणि संगणक चुकला असे म्हणतात. मग फळ्यावर आम्ही तो शब्द सोडवून लिहितो: म, पाय मोडल्याची खूण, ह, काना, प, स, काना. एकूण सात. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या क्रमांकपद्धतीने प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे आणि संगणक ते क्रमांक मोजतो, आपला उच्चार मोजत नाही, हे त्या दिवशी कळते. त्यानंतर मुले स्वतःच्या गावांची आणि आडनावांची लांबी मोजत बसतात, आणि तो अर्धा तास आम्ही त्यांना मोकळा देतो.

गणित कच्चे असेल तर?

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि कोन म्हणजे काय याची कल्पना, एवढ्यावर सुरुवात होते. पुढे गणित लागते. पण ते येथे कामाच्या निमित्ताने येते, आणि म्हणून अनेक मुलांना ते वर्गातल्या गणितापेक्षा जवळचे वाटते.

गेल्या दिवाळीआधी सातवीतल्या एका मुलीला स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याच्या साधनात आकाशकंदिलावरची पाच टोकांची चांदणी काढायची होती. चौकोनासाठी ९० अंश वळायचे हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने ३६० ला ५ ने भागले, ७२ अंश घातले आणि पाच वेळा पुनरावृत्ती दिली. पडद्यावर सुबक पंचकोन आला. तिने पुन्हा तपासले, पुन्हा पंचकोनच आला. शेवटी आम्ही तिला जमिनीवर खडूने चांदणी काढून तिच्या रेषेवरून चालायला सांगितले. चालताना तिच्या लक्षात आले की सुरुवातीच्या जागी परत येईपर्यंत आपण स्वतःभोवती एकदा नव्हे, दोनदा फिरलो. दोन फेऱ्या म्हणजे ७२० अंश, भागिले पाच, म्हणजे १४४. तिने आकडा बदलला आणि चांदणी उमटली. त्या मुलीला बाह्यकोन ही संज्ञा अजून शिकवलेली नव्हती, पण आता ती तिला कोणी नव्याने समजावून सांगावी लागणार नाही.

घरी लॅपटॉप नाही. मोबाईलवर चालेल का?

पहिले पाच-सहा आठवडे घरी काहीही नसले तरी चालते, कारण त्या काळातले काम वही, पत्ते, खडू आणि दोरी यांवर होते. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील अध्यापकांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची एक पद्धत विकसित केली असून ती जगभर वापरली जाते, आणि आम्हीही तिच्यातून पुष्कळ घेतले आहे. १ ते १०० मधली मनात धरलेली संख्या ‘मोठी की लहान’ एवढेच विचारून सात प्रश्नांत कशी ओळखता येते, हा खेळ त्यातलाच. प्रत्येक वेळी मधली संख्या विचारली की उरलेल्या शक्यता निम्म्या होतात, आणि म्हणून १००० संख्यांसाठीही दहाच प्रश्न पुरतात. जाड शब्दकोशात शब्द शोधताना आपण नकळत हेच करतो.

त्यानंतर मात्र कळफलक लागतो. मोबाईलच्या लहान पडद्यावर स्क्रॅच नीट चालत नाही, आणि पायथन चालले तरी बोटाने टंकताना कंस आणि मोकळ्या जागा चुकत राहतात, त्यामुळे मूल विषयाला नव्हे तर मोबाईलला कंटाळते. मोठ्या पडद्याचा टॅब्लेट स्क्रॅचसाठी पुरतो. नवा महागडा लॅपटॉप घेऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. थोरल्या भावाबहिणीचा जुना लॅपटॉप या कामाला पुष्कळ होतो, कारण स्क्रॅच आणि पायथन दोन्ही विनामूल्य आहेत आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालतात. ज्यांच्या घरी तेही नाही, त्यांच्यासाठी वर्गाच्या आधी आणि नंतर एकेक तास वाचनालयातले संगणक मोकळे ठेवलेले असतात.

स्क्रॅच शिकवता की पायथन?

लहान गटाला स्क्रॅच आणि मोठ्या गटाला पायथन. स्क्रॅच हे अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले साधन आहे. त्यात आज्ञा रंगीत ठोकळ्यांच्या रूपात असतात आणि जे ठोकळे एकमेकांत बसू शकत नाहीत ते बसतच नाहीत, त्यामुळे स्वल्पविराम राहिला म्हणून प्रोग्रॅम अडला असे होत नाही आणि मुलाचे सगळे लक्ष विचारावर राहते. पायथन ही गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली भाषा आहे. लूपच्या आतल्या ओळी समासापासून थोड्या आत सरकवून लिहाव्याच लागतात, हा तिचा नियम. नीटनेटके लिहिण्याची सवय त्यातून आपोआप लागते.

स्क्रॅच म्हणजे लहान मुलांचे खेळणे, असे समजून सातवीतल्या मुलाला थेट पायथन शिकवा असा आग्रह काही पालक धरतात. आम्ही तो मानत नाही. ज्या मुलाने स्क्रॅचमध्ये गुण मोजणारा, वेळ संपल्यावर थांबणारा एखादा पूर्ण खेळ स्वतः बांधला आहे, त्याला व्हेरिएबल, अट आणि लूप कळलेले असतात. त्याला पायथनला नेणे सोपे जाते. नुसते ‘प्रिंट’ लिहून नाव छापणाऱ्याला कोणतीही भाषा आलेली नसते.

सहावी ते आठवीला शाळेतच कोडिंग सुरू झाले आहे. मग वेगळा वर्ग कशाला?

गोवा सरकारने २०२१ मध्ये ‘कोडिंग अँड रोबोटिक्स एज्युकेशन इन स्कूल्स’, म्हणजे थोडक्यात ‘केअर्स’, ही योजना सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. हे पाऊल आम्हांला अतिशय मोलाचे वाटते, कारण गावोगावच्या मुलांना त्यामुळे हा विषय शाळेतच भेटला. आपल्या मुलाला शाळेतल्या तासांत गोडी वाटत असेल आणि घरी सरावाची सोय असेल, तर त्याला आमच्या वर्गाची गरज नाही, असे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. शाळेच्या तासिकेला वेळेची मर्यादा असते. एखादे मूल एकाच चुकीपाशी चाळीस मिनिटे बसू इच्छिते, आणि तशी मुभा भरगच्च वर्गात शिक्षकाला इच्छा असूनही देता येत नाही. ती मुभा देणे हेच आमचे मुख्य काम आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रॅम लिहून देते. मग मुलांनी शिकायचे कशासाठी?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. साधे शालेय प्रोग्रॅम ही साधने काही क्षणांत लिहून देतात हे खरे आहे, आणि ज्याला केवळ गृहपाठ पूर्ण करायचा आहे त्याला आता शिकण्याची सक्ती उरलेली नाही हेही खरे आहे. परंतु मिळालेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही, हे कोणी ठरवायचे? ते ठरवायला प्रोग्रॅम वाचता यावा लागतो, आणि तो कोठे मोडेल याचा अंदाज यावा लागतो.

मोठ्या गटाला आम्ही मुद्दाम एक सदोष प्रोग्रॅम देतो. वर्ष विचारून ते लीप वर्ष आहे की नाही हे तो सांगतो, आणि त्यासाठी वर्षाला ४ ने भाग जातो का, एवढेच तपासतो. मुले २०२४ घालतात, उत्तर बरोबर येते. गोवा मुक्तीचे १९६१ घालतात, तेही बरोबर येते. स्वतःच्या जन्माचे वर्ष घालून पाहतात, तरी चूक सापडत नाही, आणि वर्गातले निम्मे जण प्रोग्रॅम निर्दोष असल्याचा निर्वाळा देतात. मग आम्ही १९०० घालायला सांगतो. प्रोग्रॅम म्हणतो लीप वर्ष आहे, पण १९०० च्या फेब्रुवारीत २८ दिवस होते. शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते, मात्र चारशेने भाग जात असेल तर असते, म्हणून २००० हे लीप वर्ष होते आणि २१०० नसेल. सोयीचे आकडे घालून केलेली तपासणी म्हणजे तपासणी नव्हे, ही गोष्ट त्या एका उदाहरणाने जशी पटते तशी सांगून पटत नाही. यंत्राने लिहिलेल्या प्रोग्रॅमकडेही मुलांनी याच नजरेने पाहावे, अशी आमची इच्छा आहे.

म्हणून नियम असा: लहान गटात ही साधने वापरायची नाहीत. मोठ्या गटात स्वतः लिहून झाल्यावर वापरायला हरकत नाही, परंतु मिळालेल्या प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ काय करते हे शिक्षकांना समजावून सांगता आले पाहिजे. यांतल्या बऱ्याच साधनांच्या अटींमध्ये वयाची मर्यादा असते, तीही पालकांनी पाहून घ्यावी.

चूक झाली की मूल चिडते, कधी रडते. घरी आम्ही कशी मदत करावी?

सर्वप्रथम, माउस हातात घेऊ नये. ही विनंती आम्ही प्रत्येक पालकसभेत करतो, कारण प्रेमापोटी हे घडते आणि नुकसान तेथेच होते. मुलाच्या शेजारी बसावे आणि त्याला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून ‘ही ओळ काय करते’ ते सांगायला लावावे. आपल्याला संगणकातले काही कळत नसेल तर उत्तमच, कारण मग मुलाला खरोखरच समजावून सांगावे लागते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजीने आयुष्यात कधी संगणक हाताळलेला नाही, पण नातू ओळी वाचू लागला की त्या मध्येच विचारतात, ‘म्हणजे हे किती वेळा करायचं?’ आणि पुष्कळदा चूक नेमकी तेथेच निघते.

दुसरे असे, की चूक शोधणे हा या विषयाचा गाभाच आहे हे मुलाला कळू द्यावे. १९४७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क २ या संगणकात खरोखरच एक पतंग (उडणारा किडा) अडकला होता आणि तेथील लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातल्या चुकीसाठी ‘बग’, म्हणजे किडा, हा शब्द त्याही आधीपासून रूढ होता, पण ती नोंदवही आजही जपून ठेवलेली आहे. आमच्या मुलांकडेही अशी चुकांची वही असते. तारीख, काय घडले, कारण काय निघाले, एवढे तीन रकाने. वर्षाअखेर मुले तीच वही सर्वांत आधी दाखवायला काढतात.

दहावी-बारावीच्या गुणांना याचा फायदा होतो का?

थेट फायद्याचे आश्वासन आम्ही देत नाही. आमच्या वर्गांचा अभ्यासक्रम गोवा शालान्त मंडळाच्या कोणत्याही परीक्षेला बांधलेला नाही. केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावीला संगणकशास्त्र हा विषय पायथनमधूनच शिकवला जातो, त्यामुळे त्या मुलांना पाया तयार असल्याचा लाभ होतो. अभियांत्रिकीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की जेईईमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हेच विषय असतात. कुंकळीचे एनआयटी असो किंवा गोव्याचे आयआयटी असो, संगणक शाखेत जाण्यासाठी बारावीला संगणकशास्त्र घेतलेलेच असावे अशी अट नसते. दहावीच्या वर्षी अभ्यासाचा ताण वाढला तर काही महिने वर्ग थांबवावा. परत येणाऱ्यासाठी जागा राखलेली असते.

वाणिज्य किंवा कला शाखेकडे जाणाऱ्या मुलांना हे उपयोगाचे आहे का, असेही विचारतात. नक्कीच आहे. घरच्या दुकानाचा हिशेब किंवा जत्रेच्या वर्गणीची यादी स्वतःच्या प्रोग्रॅमने लावणारी मुले आमच्याकडे आहेत.

रोबोटिक्स शिकवता का?

स्वतंत्र विषय म्हणून नाही. वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत मायक्रोबिट ही छोट्या संगणकाची पाटी (सर्किट बोर्ड) वापरतो. ब्रिटनमध्ये बीबीसीने २०१६ पासून शाळकरी मुलांना वाटलेली ही पाटी तळहातापेक्षा लहान असते आणि तिच्यावर २५ लाल दिवे असतात. आमच्याकडची बरीच मुले कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, असलेल्या घरांतून येतात, म्हणून आमचा ठरलेला प्रकल्प मातीचा ओलावा मोजण्याचा आहे. दोन खिळे मातीत रोवायचे, एकाला पाटीच्या तीन व्होल्टच्या टोकाची तार आणि दुसऱ्याला वाचन घेणाऱ्या टोकाची तार जोडायची. माती ओली असेल तर तिच्यातून वीज सहज वाहते आणि ० ते १०२३ यांमधला मोठा आकडा मिळतो, माती सुकली की तो उतरतो. कोणत्या आकड्याखाली ‘पाणी द्या’ असे दाखवायचे, हे पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी मुलांना पोफळीच्या बुंध्याशी जाऊन, पाणी दिल्यावर आणि दोन दिवसांनी, आकडे टिपून आणावे लागतात. वडिलांना किंवा आजोबांना विचारल्याशिवाय तो आकडा ठरत नाही, आणि हे आम्हांला फार आवडते.

या विषयात स्पर्धा असतात का?

असतात, आणि त्यांतल्या दोन आम्ही सुचवतो. बेब्रास ही २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली स्पर्धा असून तिच्यात प्रोग्रॅम लिहायचा नसतो, तर्काची कोडी सोडवायची असतात. भारतात एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या सीएसपाठशाळा या उपक्रमामार्फत ती घेतली जाते. दुसरी भारतीय संगणन ऑलिंपियाड. तिच्या प्राथमिक टप्प्यातली झिओ ही परीक्षा चक्क कागद-पेन्सिलीने देण्याची म्हणून ओळखली जाते, आणि म्हणून प्रोग्रॅमिंग कमी येणाऱ्या पण विचार पक्का असलेल्या मुलाला तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका मुद्दाम सोडवायला द्याव्यात. पदकाच्या अपेक्षेने मुलाला यांत ढकलू नये. आमच्या मते कोड्यांची मजा हेच पुरेसे कारण आहे.

मुलींना हा विषय जमतो का?

जमतो. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित यंत्राने बर्नुली संख्या कशा काढाव्यात, याची पायरीवार पद्धत एडा लवलेस यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९४० च्या दशकातील एनिॲक या संगणकाचे पहिले प्रोग्रॅम सहा स्त्रियांनी लिहिले. वर्गात आम्ही एकच काळजी घेतो. दोघांत एक संगणक असतो तेव्हा मुलगे माउस सोडत नाहीत आणि मुली नुसत्या पाहत राहतात, असे पहिल्या वर्षी आमच्या ध्यानात आले. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी घंटा वाजते आणि माउस दुसऱ्याकडे जातो.

इंटरनेटवर मूल सुरक्षित राहील का?

लहान गट वर्गात इंटरनेटशिवायच काम करतो. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर खाते उघडायचे असेल तर ते पालकांनी शेजारी बसून, पालकांच्या ईमेलवर उघडावे, आणि वापरकर्त्याचे नाव म्हणून मुलाचे खरे नाव, शाळा किंवा गाव लिहू नये. आम्ही मुलांची छायाचित्रे किंवा त्यांनी केलेली कामे पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोठेही प्रसिद्ध करत नाही. २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, हे अन्य कोणत्याही ॲपवर नाव नोंदवतानाही लक्षात ठेवावे.

पावसाळ्यात वीज गेली तर वर्ग होतो का?

होतो. पत्ते आणि वह्या काढल्या जातात. रेड अलर्टमुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली तर मात्र आमचा वर्गही बंद असतो.

शेवटी प्रमाणपत्र मिळते का?

नाही. वर्षाअखेर प्रत्येक मूल स्वतः केलेले एक काम वाचनालयात येणाऱ्या लोकांसमोर चालवून दाखवते आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देते.

पहिल्या दिवशी काय आणावे?

चौकटीची शंभर पानी वही, पेन्सिल, खोडरबर आणि पाण्याची बाटली. लॅपटॉप असला तरी पहिल्या महिन्यात आणू नये. सहावीच्या मुलांसोबत पालकांपैकी एकाने पहिला तास थांबावे, कारण फेरीबोटीच्या सूचना लिहिण्याच्या खेळात गाड्या व्हायला माणसे कमी पडतात.